वही तपासली, वाचली कुणी?

पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घालण्याचा निर्णय राज्य सरकारने 2023 मध्ये घेतला आणि 2025 च्या सुरुवातीला मागेही घेतला. धड्यासोबत 'माझी नोंद' असं शीर्षक असलेली पानं असावीत, मुलांनी त्यांवर लिहावं, वेगळ्या वह्या कमी लागाव्यात, दप्तर हलकं व्हावं, असा हेतू होता. या दोन वर्षांत त्या पानांवरून जो वाद झाला तो सगळा वजनाचा आणि पैशाचा झाला. पुस्तक जाड झालं, किंमत वाढली, मुलं वह्या आणतच राहिली, पानं तशीच राहिली. सगळं खरं आहे. पण पानं कोरी का राहिली, हे विचारायला कुणी थांबलं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलासमोर त्याचं स्वतःचं म्हणून पान ठेवलं आणि त्यावर काय लिहायचं हे त्याला कळलं नाही, ही गोष्ट दप्तराच्या वजनापेक्षा किती तरी गंभीर होती.

त्याच सुमारास दुसरा वाद नेहमीसारखा चालूच होता. कुणीतरी जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाच्या वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. वेलांट्या चुकलेल्या, 'आणि'चा 'आनी' झालेला. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या. एक गट म्हणतो, मास्तरांना पगार कशाचा देतात, शुद्धलेखन बुडालं, पूर्वीसारख्या छड्या सुरू करा. दुसरा गट म्हणतो, मुलांना मोकळं सोडा, चुका दाखवूच नका, अभिव्यक्ती महत्त्वाची. दोन्हीकडचे लोक त्या फोटोतल्या चुका मोजतात किंवा माफ करतात. त्या मुलाने नेमकं काय लिहिलंय, यावर मात्र एकही प्रतिक्रिया नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे: पहिली ते चौथीच्या मुलांना लिहितं करायचं असेल, तर त्यांचं लिखाण आधी कुणीतरी वाचलं पाहिजे. तपासायचं ते नंतर. आपल्या शाळांत वह्या तपासल्या जातात, वाचल्या जात नाहीत. आणि जे कुणी वाचणारच नाही ते मूल तरी कशाला लिहील? मोठी माणसं तरी लिहितात का?

पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत तिसरीतल्या मुलीची वही मी चाळत होतो. पहिल्या पानांवर निबंध. 'गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे. गाईला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते.' फळ्यावरून उतरवलेला, सुबक अक्षर, खाली लाल शाईत बरोबरची खूण, सही, तारीख. वही उलटी करून शेवटचं पान उघडलं, जिथे पोरं फुली-गोळा खेळतात आणि पेन चालतं का ते बघायला रेघोट्या मारतात. तिथे पेन्सिलीने, अहिराणीत म्हणजे खानदेशच्या घरच्या बोलीत, तीन ओळी होत्या: 'आम्हनी गाय मारकी शे. आबाले शिंग मारस. फक्त मायलेच दूध काढू देस.' 'दूध'चा उकार चुकलेला, 'शिंग'ची वेलांटी चुकलेली, शेवटची ओळ रेघ सोडून खाली घसरलेली. लाल खूण नाही, कारण शेवटचं पान तपासण्यात येतच नाही.

पुढच्या पानावरच्या गाईत त्या मुलीचं काय आहे? ते वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाच्या वहीत सापडेल, आणि गाईच्या पायांची संख्या वाचून कुणाच्याही ज्ञानात भर पडणार नाही. मागच्या पानावर मात्र एक घर आहे. मारकी गाय, तिला घाबरणारे आबा आणि तिच्याजवळ बिनधास्त बसणारी माय. नऊ वर्षांच्या मुलीने तीन ओळींत तीन पात्रं उभी केली आणि गाय कुणाचं ऐकते हेही सांगून टाकलं. लिहिता येतं ते हे. शाळेने त्याला गिचमिड मानलं, आणि मुलीनेही तसंच मानलं असणार. नाहीतर तिने ते पुढच्या पानावर लिहिलं असतं.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात भारी म्हणणं घेऊ. ते असं की, शुद्ध प्रमाण मराठी हीच गरिबाच्या पोराची शिडी आहे. शहादा, साक्री, चोपड्याकडचा मुलगा पुण्याला जातो तेव्हा त्याच्या 'न-ण'वर हसणारे लोक तिथे बसलेले असतात. स्पर्धा परीक्षेच्या वर्णनात्मक पेपरात अहिराणीला गुण नाहीत. सुखवस्तू घरातल्या मुलाला घरीच प्रमाणभाषा मिळते. आमच्या मुलाला ती शाळेत नाही मिळाली तर कुठेच नाही मिळणार. तेव्हा 'मोकळं लिहू द्या' ही पोट भरलेल्यांची चैन आहे. हा युक्तिवाद मी कधीच उडवून लावणार नाही. खानदेशातून बाहेर शिकायला गेलेल्या ज्याला-त्याला हा अनुभव आहे, आणि प्रमाणभाषा आमच्या मुलांना आलीच पाहिजे यात दुमत नाही.

पण मग सरळ विचारतो: आजच्या पद्धतीने ती येते का? पहिलीपासून अनुलेखन, श्रुतलेखन, फळ्यावरून उतरवणं, गाईडमधून निबंध पाठ करणं हेच तर चाललंय. दहा वर्षं असं उतरवून मुलगा दहावीला येतो आणि गॅदरिंगचा वृत्तान्त स्वतःच्या शब्दांत लिही म्हटलं की पेन थांबतं. उतरवताना नजर फळ्यावर असते, हात वहीवर असतो, डोकं कुठेच नसतं. चूक दुरुस्त व्हायला ती आधी स्वतःची असावी लागते. जे वाक्य माझं नाही त्यातली वेलांटी मी का लक्षात ठेवू?

शिवाय 'शुद्ध' या गोष्टीला आपण जितकं अढळ समजतो तितकी ती नाही. धुळ्याला हे वेगळं सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेल्या कागदांचा वारसा याच शहराने जपला. 1926 मध्ये ते इथेच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथेच उभं राहिलं. ते जुने मोडी कागद उघडून बघा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. एकच वेलांटी, एकच उकार. त्या लिपीत मोहिमा निघाल्या, तह झाले, वसुली झाली, दौलतीचा हिशेब राहिला. पहिली वेलांटी की दुसरी, यावरून कुणाचा खलिता परत आला नाही. पुढे बाळबोध, म्हणजे देवनागरी, छपाई आली, नियम आले. 1962 मध्ये शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे 14 नियम मान्य केले, 1972 मध्ये आणखी चारांची भर पडली. त्याआधी 'नाहीं', 'कांहीं' असं अनुस्वार देऊन लिहिणारे आजोबा शुद्ध होते. नियमानंतर तेच अशुद्ध झाले. म्हणून नियम टाकाऊ ठरत नाहीत. छापायला, कायदा करायला, एकमेकांचं वाचायला ते हवेतच. पण ते माणसांनी ठरवलेले संकेत आहेत आणि संकेत शिकायला वेळ लागतो. मराठी बोलताना 'कवि' आणि 'कवी' कानाला सारखेच लागतात; मग कानाने ऐकून लिहिणारं सात वर्षांचं पोर वेलांटी चुकलं तर त्याने कान नीट वापरले असाच अर्थ निघतो. त्याला नियम सांगायचा, पण त्याचं वाक्य ऐकून घेतल्यावर.

आणि बोलीचं म्हणाल, तर जळगाव जिल्ह्याने याबाबत तरी बोलायला कचरू नये. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या गात राहिल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. त्यांना प्रमाण मराठी उत्तम येत होती. त्यांनी आईची गाणी उतरवून घेतली आणि बोलीला हात लावला नाही. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. समजा सोपानदेवांनी लाल पेन काढलं असतं, एकेक ओळ 'सुधारून' घेतली असती, तर महाराष्ट्राच्या हाती काय उरलं असतं? आज त्या कविता पाठ्यपुस्तकात आहेत, जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. आणि त्याच पुस्तकातली कविता शिकवून झाल्यावर गुरुजी पोराच्या वहीतला 'मायले' खोडून 'आईला' करतात. बहिणाबाईंना बोली शोभते, पोराला शोभत नाही, असं कसं?

यावर कुणी म्हणेल, सगळ्यांना काय कवी व्हायचंय? नाही व्हायचं. मला तर कवितेपेक्षा अर्जाची काळजी जास्त आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा-तळोदा भागात आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या, हे जुन्या माणसांना विचारा. कर्ज, सावकार, कागद. कागद लिहिणारा एक, अंगठा उमटवणारा दुसरा. त्या जमिनी परत मिळवायला 1970 च्या दशकात श्रमिक संघटनेला लढा उभारावा लागला. आज अंगठ्याच्या जागी सही आली आहे, ही प्रगतीच. पण उन्हाळ्यातल्या वादळात रावेर-मुक्ताईनगरकडची केळीची बाग आडवी झाली की नुकसानीचा अर्ज कोण लिहितो? सीएससी सेंटरवरचा, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या केंद्रावरचा पोरगा. बागेची खडान्‌खडा माहिती असलेला, दहावी झालेला शेतकरी बाजूला उभा राहतो आणि 'इथे सही करा' म्हटलं की करतो. अनुलेखन शिकलेल्या माणसाला सही येते. स्वतःवर काय गुदरलं ते चार वाक्यांत मांडणं येत नाही. ते त्याला कधी करायला सांगितलंच नव्हतं.

लिहिण्याची ही ताकद आपल्याकडे नवी नाही. 1855 मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'ने छापला. शाळकरी मुलीचा निबंध! तिला कुणी 'गाय एक उपयुक्त प्राणी' उतरवायला बसवलं असतं तर आपल्याला तिचं नावही कळलं नसतं. जे भोगलं ते तिने मांडलं, शाळेने ते मांडू दिलं आणि एका नियतकालिकाने ते वाचकांपुढे ठेवलं.

आक्षेप आणखी एक आहे, आणि तो अनुभवी शिक्षिकांकडून येतो म्हणून त्याला वजन आहे. त्या म्हणतात, अक्षर वळलं नाही, जोडाक्षर लागलं नाही, तर मूल मनातलं काय कप्पाळ लिहिणार? बरोबर आहे. 'क्ष' कसा काढायचा यातच सगळा जीव गुंतला तर पुढचं वाक्य निसटून जातं. हात वळणदार आणि सैल होईपर्यंत रोज सराव हवाच. त्याला पर्याय मला माहीत नाही. पण सराव कशाचा, हे आपल्या हातात आहे. पहिलीतलं पोर चित्र काढतं आणि सांगतं, 'हा आमचा बैल, याला पोळ्याला रंगवलं.' बाईंनी त्याच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं चित्राखाली लिहावं. पोराने त्यावरून बोट फिरवावं, मग खाली स्वतः काढावं. वळणाचा सराव तोच, अक्षरं तीच, फक्त वाक्य त्याचं. आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, मग वाक्य, आणि मनातलं बोलणं सगळ्यात शेवटी, अशी रांग लावली की मनातलं बोलायची पाळी कित्येकांवर शाळा सुटेपर्यंत येत नाही.

वेळेचं काय? दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात निवडणूक आणि सर्वेक्षणं. 'तुम्हाला लिहायला काय जातं' असं एखाद्या गुरुजींनी मला सुनावलं तर मी ऐकून घेईन. तरीही हिशेब मांडू. आज चाळीस वह्यांवर खूण-सही-तारीख करण्यात वेळ जातोच. उतरवून घेतलेला मजकूर चाळीस वह्यांत एकच असतो, तो चाळीसदा तपासायचा. त्याऐवजी रोज आठ-दहा वह्या घ्या, मुलाने लिहिलेल्या चार ओळी वाचा, खाली एक ओळ लिहा: 'मग आबा आता दूध कुणाकडून काढून घेतात?' आणि चुकांपैकी एकच उचला, या आठवड्यात फक्त उकार. दुसऱ्या दिवशी मुलगी उत्तर लिहून आणते की नाही बघा. 'छान', 'सुधारणा आवश्यक', 'अक्षर नीट काढ' या शेऱ्यांना उत्तर देता येत नाही. प्रश्नाला देता येतं.

खरी अडचण वेळेपेक्षा भीतीची आहे, असं मला वाटतं. वहीत न दुरुस्त केलेली चूक दिसली की ती मुलाची राहत नाही, शिक्षकाची होते. भेटीला आलेले साहेब विचारतात, पालक फोटो काढतात. म्हणून हुशार शिक्षक चूक होण्याची जागाच ठेवत नाही. फळ्यावर लिहितो आणि उतरवून घेतो. वही देखणी, तपासणी सुरळीत. मोजमापंही त्याच्या मदतीला येतात. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या चाचण्या वाचन आणि गणित बघतात. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या 'निपुण भारत' मोहिमेत तिसरीचं मूल मिनिटाला 60 शब्द वाचतं का ते घड्याळ लावून बघता येतं. शिष्यवृत्ती परीक्षा बहुपर्यायी. गोल काळे करायचे. या सगळ्यांचा उपयोग मी नाकारत नाही, पण मूल स्वतःचं काही लिहितं का हे यातलं काहीच विचारत नाही. आणि जे विचारलं जात नाही ते शिकवायला धाडस लागतं. शिक्षण विभागाने एक साधं पत्रक काढावं: प्रत्येक मुलाची एक वही कच्च्या लिखाणाची असेल आणि तपासणीत त्या वहीतल्या चुकांबद्दल शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही. एवढ्याने अर्धं काम होईल.

उरलेलं अर्धं अवघड आहे, कारण ते शिक्षकांनी स्वतः लिहिण्याचं आहे. एका परीक्षेऐवजी वर्षभर मुलाची प्रगती बघणारं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा प्रत्येक मुलाच्या प्रगतीची वर्णनात्मक नोंद शिक्षकाने करावी अशी अपेक्षा होती. झालं काय? तयार नोंदींच्या याद्या बाजारात आल्या, मग मोबाइलवर फिरू लागल्या. 'वर्गात सक्रिय सहभाग घेतो', 'सूचनांचे पालन करतो'. मुलाविषयी दोन ओळी स्वतःच्या लिहिणं ज्या व्यवस्थेत मोठ्यांनाही जमू दिलं जात नाही, तिथे मुलांनी गाईड वापरलं म्हणून रागवायचं कुणी? अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी होते तेव्हाची गोष्ट आठवा. 1924 ते 1930 या काळात ते तिथल्या शाळेत शिकवत होते आणि वसतिगृह सांभाळत होते. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत. रोज. वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांचा शिक्षक रोज काहीतरी लिहितोय, हे त्या पोरांनी बघितलं. मोठं माणूस लिहिताना दिसणं, खोडताना दिसणं, अडताना दिसणं, हा लेखनाचा पहिला धडा आहे. सगळ्यांनी साने गुरुजी व्हावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही; आठवड्यातून एकदा फळ्यावर 'काल माझ्या गाडीची चेन शिरपूरच्या अलीकडे तुटली' अशी स्वतःची चार वाक्यं मुलांसमोर लिहिणं मात्र कुणालाही जमेल.

नंदुरबारच्या डोंगरातल्या शिक्षकांची अडचण वेगळी आहे, तिला घाईने उत्तर देता येणार नाही. अक्कलकुवा-धडगावकडे मूल पावरी किंवा भिलीची एखादी बोली बोलतं, गुरुजी अहिराणी पट्ट्यातले, पुस्तक प्रमाण मराठीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतं; 2020 चं राष्ट्रीय धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत तेच सांगतं. पण जी बोली गुरुजींनाच कळत नाही त्यातलं लिखाण ते वाचणार कसं? इथे माझा 'आधी वाचा' हा आग्रह अडखळतो, हे मान्य आहे. तरी वाट अगदीच बंद नाही. पाचवीतल्या मुलांना दोन्ही भाषा बऱ्यापैकी येतात. पहिलीतल्याने सांगावं, पाचवीतल्याने देवनागरीत उतरवावं, मग दोघांनी मिळून गुरुजींना मराठीत समजवावं. सोपानदेवांनी घरात केलं ते काम पाचवीतली पोरं वर्गात करतील, आणि एका बोलीतून दुसऱ्या भाषेत नेताना प्रमाण मराठी त्यांना जितकी कळेल तितकी अनुलेखनाने कळणार नाही. याच भागातून दरवर्षी कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात. मागे राहिलेल्यांनी गेलेल्यांना पत्र लिहावं, गुरुजींनी त्याचा फोटो पाड्यावरच्या कुणाच्या तरी मोबाइलवरून फडावर पाठवावा. 'मित्रास पत्र लिहा' हा प्रश्न आपण वर्षानुवर्षं विचारतो. इथे तर मित्र खराच दूर गेलेला आहे.

ऐकणारा मिळाला की काय होतं याचाही दाखला खानदेशातलाच आहे. 1907 मध्ये जळगावात कविसंमेलन भरलं. धरणगावचं सतराव्या वर्षात असलेलं एक पोर, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, तिथे जाणत्यांसमोर कविता म्हणून गेलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं, आणि पुढे महाराष्ट्र त्याला त्याच नावाने ओळखू लागला. प्रतिभा त्याची होती, यात वादच नाही. पण संमेलन भरवणाऱ्यांनी त्या पोराला 'आधी मोठा हो' म्हणून परत पाठवलं नाही, हेही तितकंच खरं. तिसरीच्या वर्गाला संमेलन लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, बांधकाम आणि शौचालयाचे विषय संपले की, दोन मुलांनी आपापलं पान वाचून दाखवावं. आबा समोर बसलेले असतील तर गाईबद्दलचा खुलासा तेच करतील.

आणि पाचवीनंतर परीक्षांच्या रेट्यात हे टिकेल का, या प्रश्नावर मी फार आशावादी नाही. तरी एक गोष्ट कुठल्याही समितीची वाट न बघता करता येते. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका बहुतेक शाळांत अजून शिक्षकच काढतात. निबंधाच्या प्रश्नाखाली, 'माझा आवडता ऋतू' आणि 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' यांच्या शेजारी, 'तुला जे सांगायचंय ते' असा एक पर्याय येत्या चाचणीपासूनच घालता येईल. पहिल्या खेपेला तो फार मुलं निवडणार नाहीत. दोन-तीन मुलांनी निवडला, तर ते पेपर आधी वाचावेत आणि गुण मग द्यावेत.